शेजारची खुंटी

पियानोच्या सव्वादोनशे तारांपैकी दोनशे चोवीस शहाण्यासारख्या वागल्या होत्या. उरलेली एक मात्र हटून बसली होती.

पियानो लावणाऱ्या काकांचे खांदे सकाळपासून भरून आले होते. पण चाळीस वर्षांत तारांचे नखरे त्यांना पाठ झाले होते. गंजलेली तार आधी जरा उतरवायची, गंज सुटल्याची टिचकी ऐकायची, मग सुराच्या किंचित वर चढवून पट्टी जोरात ठोकायची. मग बाईसाहेब आपोआप जागेवर येतात.

हीच विद्या लेकीनं त्यांच्याकडून उचलली, आणि आता तीच मागे लागली होती, "बाबा, पुरे करा." कटकट मिटावी म्हणून त्यांनी शब्द दिला होता : ज्या दिवशी तार ताणायची किल्ली चुकीच्या खुंटीवर लावेन, त्या दिवशी थांबेन. नवशिक्यांची चूक ती, आपल्या हातून कसली होतेय!

त्यांनी शेजारच्या तारा फेल्टच्या मऊ पाचरी खोचून मुक्या केल्या, पट्टी ठोकली, किल्ली फिरवली. सूर ढिम्म. आणखी फिरवली. ढिम्म.

"बघू, तुझी खोड मोडते की माझी," ते पुटपुटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

ताडकन आवाज झाला. तुटली ती शेजारची तार. हट्टी तारेच्या खुंटीला किल्ली लागलीच नव्हती.

पियानोच्या मालकीणबाई धावत आल्या. "जुनीच होती हो, कधीतरी तुटणारच."

काकांना हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! त्यांनी लेकीला फोन लावला.

"तार घेऊन ये. एक तुटली."

"गंजली होती का?"

"नाही. किल्ली शेजारच्या खुंटीवर होती."

ती म्हणाली, "बसून राहा बाबा. आलेच मी."

तिनं येऊन नवी तार चढवली, मग हट्टी तारेकडे वळली. आधी उतरवली. टिचकी वाजली. मग वर चढवून पट्टी ठोकली.

"बसली का, बाबा?"

काकांनी डोळे मिटले. "केसभर खाली घे. हं. बसली."

तिनं सवयीनं किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"तुझ्याच पिशवीत टाक," ते म्हणाले आणि तारांमधल्या फेल्टच्या पाचरी गोळा करू लागले.