पाठ मऊ, धार कडक

अल्लीपूरच्या पुनाजी लोहाराचा विळा गेल्या हंगामात ज्वारीत मोडला. तोही नानाजी पाटलांच्या शेतात, बायांच्या देखत. कडक पाणी द्यावं तर विळा काचेसारखा तडके, मऊ ठेवावा तर ज्वारीच्या दहा ताटांत बोथट. पाटलांनी साफच सांगितलं, "पुनाजी, येत्या मार्गशीर्षात तुझा विळा टिकला तर ठीक. नाईतर गाव कारखान्याचे विळे आणते अन् तुझं बलुतं बंद." तीन पिढ्यांचा भाता थंड होणार, हा घोर पुनाजीला लागला.

पण देव कोणाच्या वेषात दाराशी येईल, सांगता येतं का? पोळा सरल्यावर एके सकाळी सेवाग्रामकडे निघालेला एक जपानी भिक्षू दारात थांबला. त्याच्या डफलीची कडी निखळली होती. पुनाजी ती जोडू लागला, तोवर भिक्षूनं मोडका विळा उचलला, तुटलेली बाजू उन्हात धरली नि म्हणाला, "सब कड़ा। इसलिए टूटा।"

"तुमाले काय समजते महाराज यातलं?"

"मेरा बाप तलवार बनाता था। मैं भी। लड़ाई के बाद हथौड़ा छोड़ दिया।"

मग त्यानं राखेत बोटानं तलवार रेखली. पोटात मऊ लोखंड, वरून घड्या घालघालून ठोकलेलं पोलाद. पाण्यात घालण्याआधी पाठीवर मातीचा जाड थर, धारेवर अगदी पातळ. माती जाड तिथं लोखंड हळू निवतं, मऊ राहतं; धार झटक्यात निवते, कडक होते. तलवार ठोकतात सरळ, तिला बाक देतं ते पाणी. जाताना हात जोडून तो एवढंच बोलला, "तलवार मत बनाना। फसल काटने का बनाना।"

पुनाजीनं जाम गावच्या नाक्यावरून मोटारीच्या पोलादी कमानीचा तुकडा आणला, बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं मऊ लोखंड घेतलं. धारेला पोलाद, पाठीला धाव. तापवून, ठोकून दोन्ही एकजीव केलं. वर शेतातली माती थापली. ती वाळता वाळताच खपल्या होऊन गळून पडली.

"काळी माती लावून राह्यले का?" बायको शकुबाई हसली. "ते तर सुकली का फाटते. माझी चूल कधी तडकली का? सरका तिकडं!" तिनं वारुळाची माती चाळली, त्यात राख नि कोळशाची पूड कालवली. ती माती जी चिकटली ती चिकटलीच.

दाराला तरट टांगून पुनाजीनं भरदुपारी अंधार केला, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा रंग नीट दिसावा. पळसाच्या फुलाचा रंग चढताच विळा पाण्यात! चर्र्र झालं. बाहेर काढून पाहतो तर विळ्याचा वाकच उघडलेला. शेजारचा नत्थू सुतार खो खो हसला. "पुनाजी, ज्वारी कापतं का लढाईले जातं? हे तर भाल्याचं पातं झालं लेका!"

दुसराही तसाच निघाला. पुनाजी डोक्याला हात लावून बसला. मग त्याला महाराजांचा शब्द आठवला. "शकू, पाणी धारेकडून लोखंड फुगवते. तलवारीची धार बाहेरून, म्हणून ते वाकते. विळ्याची धार आतून, म्हणून हा उघडते."

"मंग जितका उघडते तितका आधीच जास्त वाकवा ना! बाज सैल पडते म्हणून आपण सुंभ आधीच कसून नाई विणत का?"

पुनाजीनं लगेच भट्टी पेटवली. तिसरा विळा त्यानं गळासारखा वाकवला, नि पाण्यानं तो हवा तेवढाच उघडून हाती दिला.

मार्गशीर्षात पाटलांच्या शेतात सारं गाव जमलं. कापणाऱ्या बायांची म्होरकी रुखमा. तिच्या हाती पुनाजीचा विळा, सीताबाईच्या हाती कारखान्याचा. दुपारपर्यंत सीताबाईनं चारदा धार लावली, रुखमानं एकदाही नाही. इतक्यात धुऱ्याच्या बांधाजवळच्या दगडावर रुखमाचा विळा आपटला. ठण्ण! साऱ्या बाया थबकल्या. पुनाजीनं डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतलं.

रुखमानं विळा वर धरला. धारेला तिळाएवढी खाच, नि पाठ जराशी वाकलेली. तिनं तो पायाखाली दाबून सरळ केला नि ओरडली, "काऊन थांबल्या वं? कापा ना!"

सांजेला मारुतीच्या देवळात केळझरच्या किसनबुवांचं कीर्तन होतं. बुवांनी तो विळा मागून घेतला, चिपळ्यांशेजारी ठेवला. म्हणाले, "पाहा बाप्पा! नुसता कडक तो मोडतो, नुसता मऊ तो वाकून बसतो. दुसऱ्याचा भार सोसायला पाठ मऊ असावी, नि नाम घेताना निश्चयाची धार कडक असावी." त्यांनी गळ्यातला हार काढून पुनाजीपुढे धरला.

पुनाजी मागे सरला नि त्यानं बायकांत बसलेल्या शकुबाईकडे बोट केलं. "बुवा, माती तिची हाय. अन् वाकाची अक्कलही तिचीच."

हार बायकांच्या बाजूला गेला. शकुबाईनं पदरानं तोंड झाकलं. पाटील उभे राहिले, भर सभेत म्हणाले, "कारखान्याचे विळे येत नाईत आता. पुनाजीचं बलुतं चालू!"

"मले दोन देजो पुनाजीभाऊ!" मागून रुखमा ओरडली. "एक नणंदेले. तिची जीभ पाह्यली का विळा लाजते!"

सारं देऊळ हसलं. हसता हसताच बुवांनी विठ्ठलाचा गजर उचलला, टाळ झणाणले, नि साऱ्यांत उंच आवाज पुनाजीचा लागला.