क्योटोची फुलपाने

सावंतवाडीत आमच्या घराण्याने चार पिढ्या गंजिफाचे गोल पत्ते रंगवले. सासऱ्यांच्या हातचा दशावतारी डाव आमच्याबरोबर नव्या मुंबईत सानपाड्याला आला, आणि दर रविवारी दुपारी तो मांडलाच पाहिजे, हा माझा दंडक. खेळणारे तिघे: मी, मुलगा रणजीत आणि त्याची मुलगी तेजश्री.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मात्र पाने वाटण्याआधीच घर गप्प होते. चित्रकला शिकून आलेल्या तेजश्रीला वाशीतल्या एका कंपनीने व्हिडिओ गेमची चित्रे काढण्यासाठी बोलावले होते. सोमवारी उत्तर द्यायचे होते आणि मी घरात नकार सांगून मोकळी झाले होते. अवतार रंगवण्याची विद्या ज्या हातांत उतरली, त्यांनी टीव्हीवर उड्या मारणारी बाहुली रंगवावीत, हे मला मान्य नव्हते. रणजीत माझ्या शब्दापुढे जात नसे.

तेजश्रीनेही वाद घातला नाही. आमच्या गंजिफाच्या डब्याशेजारी तिने एक लहानशी पेटी ठेवली.

“आजी, आधी ही पानं हातात घ्या.”

पाने चौकोनी होती, काडेपेटीहूनही लहान, पण कमालीची कडक. मी एक चटईवर आपटले. आवाज खणखणीत आला. कागदावर कागद खळीने बसवल्याखेरीज असा कडकपणा येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पाठीचा काळा कागद कडेवरून पुढे वळवून चिकटवला होता. एकावर देवदाराजवळ करकोचा उभा, दुसऱ्यावर टेकडीमागे पूर्ण चंद्र. आकडा कुठेच नव्हता.

तेजश्री सांगू लागली. जपानात जुगारामुळे आकड्यांच्या पत्त्यांवर बंदी येत असे, म्हणून आकडे गेले आणि बारा महिन्यांची फुले आली. क्योटो शहरात अठराशे एकोणनव्वद साली एका कारागिराने तुतीच्या सालीच्या कागदावर अशी पाने हाताने करून विकायला सुरुवात केली. त्याच दुकानाची पुढे निन्टेन्डो कंपनी झाली. मधल्या काळात तिने टॅक्सी चालवल्या, झटपट भाताची पाकिटे विकली. काही जमले नाही. मग खेळणी आणि शेवटी व्हिडिओ गेम. वाशीचे साहेब जपानात राहून आले होते. पेटी आणि हकीकत दोन्ही त्यांचीच.

मी पुन्हा चंद्राकडे पाहिले. आमच्याकडे छापील पत्ते आले आणि घरोघरचे कुंचले वाळले. तिकडे एका चिताऱ्याचे दुकान समुद्र ओलांडून जगभरच्या पोरांच्या हातात जाऊन बसले होते. तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना.

“मग आता पाने करणे सोडले असेल त्यांनी.”

“नाही आजी. अजून करतात. ही तिथलीच आहेत.”

मी आमची गोल पाने पिसली आणि वाटली. आमच्या खेळात दिवसा रामाच्या पानांतला राजा ज्याच्या हाती, त्याने डाव उघडायचा. रात्री हा मान कृष्णाचा. बाहेर लख्ख ऊन होते आणि राम माझ्याच हाती आला होता. मी ते पान तेजश्रीपुढे ठेवले.

रणजीत चमकला. “आई, हे नियमात बसत नाही.”

“नियम या घराचे आहेत,” मी म्हटले, आणि तेजश्रीकडे वळले. “उद्या जाशील तेव्हा हा डाव बरोबर ने. तुझ्या साहेबांना दाखव, आमची पाने गोल असतात. आता उघड.”