न दिसणारी कळ

सासऱ्यांना दुखतंय की नाही, एवढंच सुनेला कळायला हवं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली होती, चेहरा थिजला होता. "चेहऱ्यावर काहीच नाही, म्हणजे त्रास नसावा," असं म्हणून डॉक्टरीणबाई वेदनाशामक नावापुरतंच द्यायच्या. जास्त दिलं तर श्वास मंदावायची धास्ती. त्यांचा तरी काय दोष? त्या ज्यावर विसंबत होत्या, ते न बोलणाऱ्या रुग्णांची वेदना मोजायचं माप सुनेनंच तर बनवलं होतं!

ती संख्याशास्त्रज्ञ. वेदना दिसत नाही, खुणा दिसतात: आठी, श्वास, नाडी, वळलेली मूठ. खुणांवरून त्यामागचं न दिसणारं हुडकायचं, हा तिचा धंदा. झटक्याचे रुग्ण मोजकेच, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं हात टेकले होते. मग तिनं दुसरी वाट धरली. आधी आपला अंदाज सांगायचा, तो किती पक्का तेही सांगायचं, आणि आकड्यांना तो दुरुस्त करू द्यायचा. तरी उत्तर तेच आलं: वेदना नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या मित्रानं तिच्या पडद्यात डोकावून पाहिलं.

"अगं, आधीच्या अंदाजात चेहऱ्यावरचा भरवसा इतका आवळून धरलायस, आकड्यांनी तोंड उघडायचं कसं?"

"चेहरा खोटं बोलत नाही रे."

"आणि ज्याचा हलतच नाही, त्याचा?"

तिनं जीभ चावली. एवढी शिकलेली बाई, आणि साधी गोष्ट सुचू नये! तिनं तो भरवसा सैल केला. तेच गणित तिनं तीन वेगळ्या आकड्यांपासून सुरू केलं; पडद्यावर तीन रेघा तीन टोकांवरून निघाल्या, भरकटल्या, आणि कुणी न सांगता एकाच पट्ट्यात येऊन मिसळल्या, म्हणजे उत्तर भरवशाचं होतं. तिनं एकेका खुणेचं वजन पाहिलं. या रुग्णांत चेहऱ्याला जवळपास काहीच वजन उरलं नव्हतं. बोलत होते ते श्वास आणि मूठ. सासऱ्यांच्या वेदनेचा नेमका आकडा कुणालाच सांगता आला नसता, पण पडद्यावर शक्य त्या आकड्यांचा जो उंचवटा तयार झाला, तो सगळाच शून्यापासून कोसभर लांब उभा होता. एका माणसाच्या आतलं, बाहेरून इतकं लख्ख दिसू शकतं? तिला क्षणभर भीतीच वाटली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजून घेतलं, औषध बेतानं वाढवलं आणि श्वासावर नजर ठेवून तिथंच थांबल्या. हळूहळू सासऱ्यांचं अंग सैलावलं. त्यांनी डोळे उघडून सुनेकडे पाहिलं.

"बाबा, फार दुखत होतं ना?"

त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. आणि ती रोज याच उशाशी उभं राहून नवऱ्याला सांगत आली होती, "बाबांना काही दुखत नाहीये, तू नको काळजी करूस."