तोंड सरळ होईपर्यंत

आमच्या घरात आरसा नाही. दीड वर्षापूर्वी यांनी न्हाणीघरातल्या आरशातल्या म्हाताऱ्याशी भांडण उकरून काढलं. हा आपल्या घरात फुकट का राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हातारा जागचा हलेना, तेव्हा यांनी त्याला साबणाची वडी फेकून मारली. मी त्याच दिवशी सगळे आरसे माळ्यावर टाकले. तेव्हापासून भांग अंदाजाने पाडते. या वयात मला बघायला येणार आहे कोण?

म्हणून त्या सकाळी माझ्या चेहऱ्याचं काय झालंय हे मला कळलंच नाही. आधी ते यांना कळलं.

उठले तेव्हा डावा डोळा नुसता चुरचुरत होता. जागरणाने असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पडदे न उघडताच यांना इन्सुलिन टोचलं. उजेडात सुई दिसली की हात ओढून घेतात, म्हणून मी ते अंधुक उजेडातच उरकते. एकदा टोचलं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर साखर उतरते आणि माणूस हातचा जातो. डॉक्टरांनी हे मला इतक्यांदा बजावलंय की विसरायचा आजार मलाच झालाय असं वाटावं.

मग मी पडदे सरकवले आणि दूध-पावाचा वाडगा घेऊन समोर बसले. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पलंगावरच मागे मागे सरकत भिंतीला चिकटले.

"कोण तू?"

हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. सख्खा भाऊ ते कधीच विसरले होते. लेकीला सहा महिन्यांपूर्वी विसरले; ती बिचारी गाडीत बसून रडली. पण मला नाही विसरले. डुलकीतून जागे झाले तरी दाराकडे बघून "आलीस का?" म्हणायचे. खरं सांगते, तेवढ्यावरच मी रेटत होते. लोक विचारायचे, तुम्हाला जमतं कसं? मी काहीतरी थातुरमातुर सांगायचे. खरं उत्तर ते दोन शब्द होते.

आधी मला रागच आला. म्हटलं, सकाळी सकाळी नाटकं नकोत, आ करा. चमचा पुढे केला तर त्यांनी हात झटकला, दूध पांघरुणावर सांडलं. आज यांचं जरा जास्तच बिघडलंय असं पुटपुटत मी स्वयंपाकघरात गेले, चहाचा घोट घेतला आणि तो घोट ओठाच्या कोपऱ्यातून सरळ पदरावर आला. पुसला, पुन्हा घेतला, पुन्हा आला.

टीव्ही बंद होता. त्याच्या काळ्या काचेत वाकून पाहिलं. डावी बाजू पार ओघळली होती. गाल लोंबत होता, ओठ खाली गेला होता, डोळा मिटता मिटत नव्हता. मला पहिला शब्द आठवला तो अर्धांगवायू. दुसरा विचार आला, इन्सुलिन. घड्याळ पाहिलं. टोचून वीस मिनिटं झाली होती.

लेकीला फोन लावला. ती दोन तासांच्या अंतरावर राहते. ओठ मिटत नसल्यामुळे मला ना 'प' म्हणता येत होता, ना 'ब'. कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटून तिने आधी फोनच ठेवला. दुसऱ्यांदा लावल्यावर कळलं तिला. ती म्हणाली, मी इथून फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स पाठवते, तू जागची हलू नकोस. मी म्हटलं, हलत नाही, पण हे खाल्ल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. ती ओरडायला लागली, मी फोन ठेवून दिला.

आणि मग मी मूर्खपणा केला. हे चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवत होते. ओळखपत्रांचे, अर्जांचे, पासपोर्टचे फोटो काढायचे. फोटो आणि माणूस जुळतो की नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? माझा त्यांनीच काढलेला फोटो कपाटावरून उतरवला, आपल्या गालाशी धरला आणि म्हटलं, "अहो, बघा ना. मीच आहे ही."

त्यांनी नीट पाहिलं. फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. नजर अगदी पूर्वीची, धंद्यातली. मग फोटो माझ्या हातातून काढून घेतला आणि छातीशी धरला.

"ही तू नाहीस," ते म्हणाले. "काय केलंस तिला?"

घाबरलेल्या माणसाच्या हातात मीच पुरावा दिला होता.

त्यांच्या कपाळावर घाम आला. बोटं थरथरायला लागली, फोटोची चौकट गुंडीवर टकटक वाजत होती. साखर उतरायला लागली होती. मी धावत साखरेचं पाणी केलं, तर त्यांनी दात घट्ट आवळून घेतले. जबरदस्ती करावी तर ठसका लागेल. अशी कशी मेली वेळ आली, की नवऱ्याला वाचवायचं तर आधी त्याला आपली ओळख पटवायची?

मग वाटलं, नाहीच पटत तर मरू दे ती ओळख.

मी चार पावलं मागे गेले. दारात उभी राहिले, पदर नीट केला, आणि जमेल तसं स्पष्ट बोलले. "साहेब, मी नवीन कामाला आलेय. बाई बाहेर गेल्यात. त्यांनी सांगून ठेवलंय, साहेबांनी हे संपवलं नाही तर मला रागावतील."

त्यांनी छातीशी धरलेल्या फोटोकडे पाहिलं. "रागीट आहे ती," ते म्हणाले.

"फार," मी म्हटलं.

"कधी येणार?"

"येतील इतक्यात. हे घ्या."

त्यांनी ग्लास घेतला, दोन्ही हातांनी धरून सगळा संपवला. मग मी पाव दिला. त्यांनी तो मधोमध मोडला, अर्धा खाल्ला, अर्धा ताटलीच्या कडेला सरकवला. "हा तिला राहू दे," म्हणाले. "ती उपाशीच बाहेर जाते."

चाळीस वर्षं मी उपाशी बाहेर जात होते, हे यांना माहीत होतं. मला कधी बोलले नाहीत. मी तो पाव स्वयंपाकघरात नेला आणि उजव्या बाजूने चावत, रडत खाल्ला.

दवाखान्यात कळलं, अर्धांगवायू नव्हता. चेहऱ्याची नस सुजली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, रोज व्यायाम करा, दोन-तीन महिन्यांत चेहरा पहिल्यासारखा होईल. लेकीने त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. आयुष्यभर सगळ्यांच्या नावाने तोंड वाकडं केलंस त्याचं हे फळ, असंही मला म्हणाली. मी हसले, अर्ध्या तोंडाने.

आता महिना झाला. घरात मी नवीन बाई आहे. साहेब माझ्याशी बरे वागतात, 'तुम्ही' म्हणतात, आणि प्रत्येक जेवणात ताटातलं अर्धं काढून ठेवतात.

सुरुवातीला मी व्यायाम मन लावून केले. गाल फुगवायचे, भुवया उचलायच्या, ओठांचा चंबू करायचा. गेल्या आठवड्यात ओठाचा कोपरा हलला. हाताने चाचपून पाहिलं, खरंच हलला होता. आणि त्या दिवसापासून मी व्यायाम बंद केले.

लेक फोनवर चिडते. म्हणते, तुला बरं व्हायचंय की नाही? तिला काय सांगू? तोंड वाकडं आहे तोवर दोष तोंडाचा आहे. उद्या ते सरळ झालं, मी उजेडात यांच्यासमोर जाऊन बसले, आणि तरीही यांनी विचारलं की ती कधी येणार, तर मग मी कोणाला दोष देऊ?

आज दुपारी त्यांनी अर्धं केळं बाजूला ठेवलं, दाराकडे पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

"बाई, ती आली की मला उठवा हं. मी झोपलो असलो तरी उठवा."

"उठवते," मी म्हटलं, आणि पांघरूण त्यांच्या अंगावर घातलं.