मिठागरातली हळद

आमच्या स्नेहलच्या हळदीचा मांडव मिठागरातच घालायचा, असं तिच्या बाबांनी अख्ख्या कामोठे गावाला सांगून ठेवलेलं. एकदा बोलले की बोलले, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाय! जागा आता ओसाड पडली हाय, पण माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, तिथं मीठ पिकवून घर वर आणलं. जाताना बोलले होते, नातीची हळद माझ्या मिठागरात लावा.

मांडवाचे बांबू येऊन पडले, त्याच दिवशी पोरगी लॅपटॉप घेऊन बापासमोर बसली. तिच्या ऑफिसचं कामच ते. जमिनीची उंची कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि पनवेलमध्ये भरतीचं पाणी कुठवर घुसेल ते नकाशावर बघायचं. पाणी येईल ती जागा निळी. आमचं मिठागर निळंशार!

"बाबा, हळद पुनवेला आहे, उधाण येणार. आजूबाजूला सगळ्यांनी भराव टाकलाय, आपलीच जागा खोलगट राहिली. मांडव देवळापुढं घालूया ना."

"तुझं मशीन मला माझी जमीन शिकवणार? आबांचा शेवटचा शब्द हाय तो!"

असे खेकसले की पोर रडायलाच लागली. मग माझं डोकं सटकलं.

"अवो, आबांनी मीठ काय नळाच्या पाण्यानं पिकवलं? उधाणाचं पाणीच आत घेत होते ना?"

त्यांनी भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसत सुटले. "खरंच गो! मीच येडा!" तिन्हीसांजेच्या आत बांबू देवळापुढं गेले.

हळदीच्या दुपारी मिठागरात गुडघाभर पाणी. हे लेंगा वर करून आत शिरले, ओंजळभर चिखल आणला आणि मांडवाच्या मेढीला थापला. "घ्या आबा, तुमचं मिठागर आलं मांडवात." मग जो येईल त्याला हात धरून पाणी दाखवायला नेत होते. "माझ्या पोरीनं आधीच सांगितलेलं!" शब्द बदलल्याची लाज सोडाच, छाती फुगलेली.

संध्याकाळी हळद लावायला लेकीपुढं बसले आणि हात तसाच थांबला. नवरामुलगा परेश उरणचा, घर खाडीला टेकलेलं.

हळूच विचारलं, "बाळा, तो नकाशा उरणचा पण निघतो का गो?"

"लग्नाला हो म्हणायच्या आधीच काढला, बाबा."

"मंग?"

"घर उंचावर आहे. निळं नाही."

तेव्हा कुठं त्यांनी तिच्या गालाला हळद लावली. आणि मांडवात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.