थमी डोंगरात राहिली

माझी थोरली बहीण म्या यिन जपानी लढाईच्या आधी डॉक्टर झाली. मंडालेत तेव्हा बाई डॉक्टर पाहायला लोक मुद्दाम ताप आणून येत, असं आमची आई म्हणायची. कुणी "हिचं लग्न कधी?" विचारलं, की आई म्हणे, "एवढी देवीची साथ आटपू दे." देवी आटपली तर पटकी आली, पटकीनंतर प्लेग. अमा बिनलग्नाची राहिली. अमा म्हणजे आमच्यात ताई. मी विधवा होऊन माहेरी आले आणि तिचं घर सांभाळू लागले.

लढाईनंतर मंडालेत नवं वैद्यकीय कॉलेज निघालं. तिथे सार्वजनिक आरोग्याचा विभाग उभा करण्याचं काम अमाकडे आलं. तिने पहिला नियम केला, की शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने खेड्यात जाऊन राहायचं, विहिरी स्वच्छ करायच्या, संडासाचे खड्डे खणायचे. शस्त्रक्रियेचे प्राध्यापक तिला तोंडावर 'संडासांच्या प्राध्यापिका' म्हणत.

"माझे संडास होऊ द्या, सया," अमा त्या सरांना म्हणायची, "मग तुमची निम्मी टेबलं रिकामी पडतात की नाही बघा."

मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून मा सेन ची नावाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे राहायला आली. खाडीमुलखातली, तांदळाच्या नावा चालवणाऱ्याची मुलगी. गालावर थनाखाचा, उगाळलेल्या सालीचा लेप जाडजूड थापायची आणि बोलायला लागली की तो तडकायचा. ती अमाला सयामा म्हणायची, बाईंना म्हणतात तसं. अमा तिला पहिल्या पावसाळ्यात 'मा सेन ची' म्हणायची, दुसऱ्यात 'थमी' म्हणायला लागली. थमी म्हणजे लेक. आपण कधी सुरुवात केली हे अमाच्या लक्षातही आलं नसावं.

दोघी सारख्या भांडायच्या. लस आधी की पाणी आधी, यावरून वाडग्यातला मोहिंगा, आमचं माशाचं शेवयांचं कालवण, गार व्हायचा.

"अगं, गिळा आधी!" मी ओरडायची.

"मावशी, सयामांना सांगा ना, त्या हरल्यात," थमी म्हणायची.

अमाने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपल्यामागून ही खुर्ची थमीची. मला बोलली होती. तिला मात्र नाही.

मग एकदा वर्गात अमा म्हणाली, "जिथे दहा डॉक्टर आहेत तिथे अकरावा होऊन काय करणार? जिथे एकही नाही तिथे जा." हे ती दरवर्षीच म्हणायची. मुलं लिहून घ्यायची आणि रंगूनला दवाखाना काढायची. थमीने त्याच आठवड्यात पश्चिम सीमेवरच्या, चिन जमातीच्या डोंगरातल्या सरकारी दवाखान्यासाठी अर्ज केला.

"वर्षभराचाच प्रश्न आहे," अमा मला म्हणाली. "अनुभव येईल."

वर्ष झालं, दुसरं झालं. थमीची पत्रं यायची: रस्ता खचला, गोवर आला, आणखी थोडे दिवस. थिंजानच्या, नव्या वर्षाच्या सणाला अमा बाजारातून दोन बायकी लुंग्या आणायची, एक माझी, एक थमीची. तिची कपाटात जायची. मी एकदा म्हटलं, "अमा, पाठवून तरी दे." तर म्हणाली, "आल्यावर नेसेल." कपाटाचं दार पुढे नीट लागेना.

अमाच्या निवृत्तीची वेळ आली, तेव्हा तिने मला म्हटलं, "प्यू, गरम कपडे काढ. आपण तिला आणायला जाऊ."

विमानाने कलेम्योपर्यंत, पुढे जीप. वळणावळणाला अमाला धाप लागत होती. थमी रस्त्यावरच उभी होती, अंगावर चिनांची लाल पट्ट्यांची शाल. गालावर थनाखा नव्हता. थंडीने कातडी फुटली होती. तिने तिथल्या तिथे धुळीत गुडघे टेकून अमाला नमस्कार केला आणि उठून जीपवाल्याशी चिन भाषेत घासाघीस करायला लागली.

दवाखान्यामागे पत्र्याच्या छपराखाली तिने डोंगरातल्या मुली जमवल्या होत्या, सुईणी होण्यासाठी शिकणाऱ्या. अमा दोन दिवस मागच्या बाकावर बसून नुसती ऐकत होती. भाषा तिला कळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी चुलीपाशी मक्याची पेज खाताना अमाने विषय काढला. "माझी जागा रिकामी होतेय, थमी."

थमीने वाडगा खाली ठेवला. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "तुम्ही हुकूम करा, सयामा. येते मी. उद्याच निघते."

"हुकूम नाही करत गं. विचारतेय."

"विचारू नका." थमी म्हणाली. "विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

हुकमाचा एक शब्द, की पोर घरी आली असती. माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, बोल की गं! पण अमा एवढंच म्हणाली, "पेज छान झालीय. मीठ घाल थोडं."

परत येताना जीपमध्ये तिने एकदाही मागे पाहिलं नाही. त्या उंचीवर पुन्हा जायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. ते तिचेच विद्यार्थी. तिची खुर्ची एका भल्या माणसाला मिळाली. त्याने खेड्याचा नियम ठेवला, मुदत तेवढी निम्मी केली.

पुढे थमी एकेक दोनदोन मुली पुढच्या शिक्षणाला मंडालेला पाठवू लागली. त्या आमच्याकडेच उतरायच्या. अमाने कपाट उघडून लुंग्या त्यांना वाटून टाकल्या. पोरी बसल्या की अमाची चौकशी सुरू. डॉक्टरीण वेळेवर जेवते का? खोकला गेला का? हसते का?

एकदा एक धीट पोर म्हणाली, "आमच्या डॉक्टरीणबाई तुमच्याबद्दल खूप सांगतात."

"काय सांगते?"

"की तुम्ही फार खवट होतात. आणि हरलात की चिडून भांडी घासायला बसायचात."

अमा हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली. पोर घाबरून माझ्याकडे बघू लागली. मी तिच्यापुढे लपेची, मुरवलेल्या चहाच्या पानांची बशी सारली.

"आणखी सांग," अमा म्हणाली. "सावकाश सांग. आणखी काय म्हणते?"