ट्रक उभे होते, सुई हलत होती

मित्रांनो, माझी सुई थरथरते म्हणून हसू नका. थरथरणे हीच माझी नोकरी आहे. मी एक जुना भूकंपमापक आहे आणि ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान वेधशाळेत राहतो. माझ्या पोटात किल्लीचे घड्याळ आहे. त्यावर कागद गुंडाळलेला रूळ फिरतो आणि शाईची सुई रेघ ओढते. जमीन शांत तर रेघ सरळ, जमीन हलली की वाकडी. खोटे बोलण्याची सोयच नाही.

एका घड्याळजीने मला घडवले. पहिल्याच वर्षी मी डोंगराची एक उचकी पकडली, तेव्हा लोक मला बघायला येत. पुढे डोंगराखाली बंदर वाढले. कंटेनर लादलेले ट्रक दारावरून धावू लागले आणि प्रत्येक ट्रकबरोबर माझी सुई नाचू लागली. आमच्या निरीक्षक ताईंनी एक रीत पाडली. कागदावर असा नाच दिसला की लाल पेन्सिलीने त्यावर 'ट्रक' लिहायचे.

मग संगणक आला. मोठा हुशार गडी! ट्रकची थरथर तो आपणहून पुसून टाकी. मला कोपऱ्यात सरकवले गेले. ताईंचा धाकटा भाऊ बंदराचा व्यवस्थापक होता. तो आला की म्हणे, "ताई, हे भंगार कशाला सांभाळतेस?" मला वाईट वाटे, खोटे कशाला सांगू? पण ताई रोज सकाळी मला किल्ली देत आणि कागद बदलत.

भावाचेही चुकत नव्हते. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या सांगण्यावरून त्याने बंदर तीन दिवस बंद ठेवले आणि डोंगराने साधा धूरही सोडला नाही. मोटारींचे लहान लहान सुटे भाग आमच्या बंदरातून जातात. ते न पोहोचल्याने सातासमुद्रापलीकडचे कारखाने थांबले. भावाची नोकरी जाता जाता वाचली.

एके दुपारी माझी सुई नाचू लागली ती थांबेचना. संगणकाचा पडदा मात्र स्वच्छ होता. ताईंनी सवयीने 'ट्रक' असे लिहिले आणि सहज बाहेर पाहिले. रस्ता रिकामा होता. त्यांनी भावाला फोन लावला.

"अरे, आज ट्रक कुठे आहेत?"

"क्रेन बिघडलीय गं. सकाळपासून सगळे फाटकाशी उभे. एक चाक हललेलं नाही. का?"

"मग माझी सुई कोण हलवतंय?"

त्याने विचारले, "संगणक काय म्हणतो?"

"तो ट्रक समजून सगळं पुसतोय."

"ताई, या वेळी चुकलीस तर मला घरी बसावं लागेल."

"बस की. पण त्यासाठी आधी जिवंत राहा. माणसं हलव!"

बंदराचा भोंगा वाजला. जहाजे खोल समुद्रात निघाली. चालक, हमाल आणि पायथ्याच्या घरांतली माणसे दूर हलवली गेली. ताई निघाल्या, दारातून परत आल्या आणि मला किल्ली देऊन गेल्या. मित्रांनो, तो मान मी विसरणार नाही.

संध्याकाळी डोंगर फुटला. बंदर गुडघाभर राखेत बुडाले आणि अकरा दिवस बंद राहिले. राखेच्या भीतीने विमाने माघारी फिरली. दूरच्या देशांत एकेका सुट्या भागासाठी नव्या मोटारी अडून राहिल्या. पण आमचा माणूस एकही दगावला नाही. जहाजे शाबूत होती, म्हणून बाराव्या दिवशी माल पुन्हा निघाला.

तिसऱ्याच दिवशी माझे घड्याळ बंद पडले होते. राख ओसरल्यावर दार उघडून पहिला आत आला तो भाऊ. त्याने स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली आणि ताईंना हाक मारली, "ताई, याची किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची गं?"

आता संगणक आणि मी एकाच टेबलावर बसतो. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी थरथरणारे म्हातारे असेल. त्याच्या बोलण्यावर घाईने 'ट्रक' लिहू नका. आधी एकदा खिडकीबाहेर पाहा.